दाजींच्या खोलीचा हीटर

दाजींना आता जिना चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताईनं आणि मी आमचं घर पहिल्यांदा नीट बघितलं. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात आमच्या रांगेत सगळी घरं एकसारखी, अरुंद आणि उंच. खाली गॅरेज आणि चपला काढण्यापुरती जागा. तिथून जिना. वर स्वयंपाकघर आणि हॉल, त्याच्याही वर झोपायच्या खोल्या. इतकी वर्षं दाजी तो जिना एक पायरी सोडून एक असा चढायचे. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. समोरच्यानं चुकीचं काही म्हटलं की भुवई वर जायची, ती डावीच.

रिहॅबमध्ये, म्हणजे झटक्यानंतर व्यायाम करून घेतात त्या केंद्रात, त्यांची केस बघणाऱ्या बाई होत्या, वयस्क, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला एका खोलीत बसवून स्वच्छ सांगितलं. विम्याचे दिवस पुढच्या आठवड्यात संपतात. घरात जिना न चढता जाता येईल अशी एक खोली तयार असेल, तिच्यात पलंग मावेल, व्हीलचेअर वळेल आणि ती चोवीस तास गरम राहील, तर मी येऊन बघते आणि त्यांना घरी सोडते. नसेल तर नर्सिंग होम, इथं परावलंबी माणसांना कायमचं सांभाळायला ठेवतात ते.

ताईनं विचारलं, "तिथून माणसं घरी येतात का?"

बाई म्हणाल्या, "काही येतात."

गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "गॅरेज." मी म्हटलं, "गॅरेज." दुसरी जागाच नव्हती.

मी कोण, ते इथं सांगायला हवं. ताई माझी थोरली बहीण. ती शिकली, लग्न करून इकडं आली. माझी शाळा आठवीत सुटली. गणितात नापास झालो, धाकट्या पोरांबरोबर पुन्हा त्याच बाकावर बसायची लाज वाटली, आणि इचलकरंजीत एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागलो. यंत्रमागाच्या जळक्या मोटारी यायच्या, त्यांची तार उलगडायची, नवी भरायची. पुढं घरांची वायरिंगही करू लागलो. ताईनं मला इकडं आणायचा अर्ज भरला तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता. नंबर लागेपर्यंत तो एकवीस पूर्ण करून वयाबाहेर गेला. त्याला व्हिसा मिळाला नाही. बायको म्हणाली, "तुम्ही जावा, मी ह्याच्यापाशी थांबते, बघू पुढं." मी एकटा आलो. मला येऊन आता तीन हिवाळे झाले.

विमानतळावर दाजी स्वतः आले होते. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "पाव्हणं, घर तुमचं आहे. फक्त डिशवॉशरला हात लावायचा नाही, ते माझं खातं आहे." मला त्या घरात कधी कुणी परकं वाटू दिलं नाही. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात मागच्या बाजूला डाळी-तांदूळ पॅक करायचं काम मला दाजींनीच मिळवून दिलं, आणि मला लायसन्स मिळेपर्यंत ऑफिसला जाताना तेच मला सोडायचे. पाहुणे आले की माझी ओळख करून देताना म्हणायचे, "आमचे मेहुणे वायरमन आहेत. आमच्याकडे ट्यूब गेली की आम्ही टाळ्या वाजवतो, चला, आता ह्यांना काम मिळालं." लोक हसायचे. मीही हसायचो. खरं तर या घरात मी पोर्चचा दिवा बदलला होता आणि बाथरूमचा पंखा. एवढंच.

त्यामुळं गॅरेजचा विषय निघाला तेव्हा, कुणी विचारायच्या आधीच, मी म्हटलं, "हीटरचं माझ्याकडं."

गॅरेज मोकळं करायला एक शनिवार गेला. सायकली, रंगाचे डबे, गणपतीचं मखर, कधीच न उघडलेली व्यायामाची सायकल. भाची तिच्या कॉलेजमधून आली होती. तिनं सगळं उचललं, झाडलं, फरशीवर रबराचे तुकडे जोडून बसवले. भाड्याचा पलंग आला, बटणावर वर-खाली होणारा. ताईनं त्यावर दाजींची निळी चादर घातली, उशीला अभ्रा घातला, आणि मग दोन्ही हात काखेत घालून उभी राहिली. गॅरेजात श्वासाची वाफ दिसत होती. जॉर्जियात थंडी फार नसते असं लोक म्हणतात, पण त्या जानेवारीत लाटच आली होती, आणि गॅरेजाच्या त्या पत्र्यासारख्या मोठ्या दाराला थंडी अडवता येत नाही.

आधी आम्ही दोन छोटे हीटर आणून लावले होते. दोन्ही एकदम लावले की विजेच्या डब्यातलं बटण पडायचं. एक लावला की त्याच्यासमोर फूटभर जागा तापायची, बाकी तसंच. शिवाय बाईंनी आधीच सांगितलं होतं, पलंगाजवळ जमिनीवरचा हीटर चालणार नाही. म्हणजे छताला टांगायचा मोठा हीटर हवा, स्वतंत्र लाइनवर. ताईनं दोन-तीन इलेक्ट्रिशियनना फोन केले. थंडीमुळं सगळ्यांकडं कामांची रांग. एकानं दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. ताईनं ती घेऊन ठेवली आणि फोन ठेवून माझ्याकडं बघितलं.

"अगं, एवढ्या कामाला कशाला इलेक्ट्रिशियन?" मी म्हटलं. "मी आयुष्यभर काय केलं?"

"तुला इथलं जमेल ना रे?"

"ताई, लाइट ती लाइट."

ती इतकी थकली होती की तिला हे ऐकूनच बरं वाटलं. म्हणाली, "तू आहेस म्हणून. नाहीतर मी काय केलं असतं?"

हे वाक्य मला पुढं फार दिवस ऐकू येत राहिलं.

हार्डवेअरच्या दुकानातून हीटर आणला, लोखंडी पेटीसारखा, मागं पंखा. जाड केबल आणली. भाचीनं फोनवर एक व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "मामा, एक सेकंद. ब्लॅक इज हॉट, ओके? इथे काळी वायर लाइव्ह असते. तुमच्याकडे उलटं असतं ना?"

आमच्याकडं उलटंच. काळी म्हणजे न्यूट्रल, हे माझ्या बोटांत बसलेलं. मी म्हटलं, "बरं झालं बोललीस, नाहीतर आज तुझा मामा भिंतीला चिकटला असता."

"नॉट फनी, मामा."

तेवढा एक सापळा टाळला याचा मला इतका आनंद झाला की दुसरा काही असेल असं मनातही आलं नाही. गॅरेजाच्या भिंतीतच घराचा विजेचा डबा आहे. मेन बंद करून तो उघडला. ब्रेकरची, म्हणजे बटणांची, सगळी घरं भरलेली, एकच रिकामं. एक रिकामं तर एक. माझ्या हिशेबी एकच लागत होतं. गावाकडं दोनशे तीस व्होल्टची लाइन म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल आणि अर्थिंग. हीटरवर दोनशे चाळीस छापलं होतं. जवळपास आपल्याइतकंच. उलट मला बरं वाटलं, की इथल्या सगळ्या एकशेवीस व्होल्टच्या खेळण्यांमध्ये एक तरी वस्तू आपल्या ओळखीची निघाली. त्या एका घरात ब्रेकर बसवला; काळी त्याला, पांढरी न्यूट्रलच्या पट्टीला, उघडी तांब्याची तार अर्थिंगला. केबल छताच्या कडेनं क्लिपा मारत नेली, इतकी सरळ की भाचीनं तिचा फोटो काढला. हीटर चार बोल्टवर टांगला, मेन चालू केला. वाइंडिंगच्या दुकानापासून माझ्याबरोबर असलेला टेस्टर, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, काळ्या तारेला लावला. आतला दिवा पेटला. लाइट आहे.

बटण फिरवलं. पंखा फिरला. भाचीनं टाळ्या वाजवल्या. ताई जिन्यात बसून रडायला लागली.

एका तासानं मी हात वर करून बघितला. हवा कोमट होती. स्वयंपाक झाल्यावर विझवलेल्या शेगडीवर हात धरावा, तशी. मी म्हटलं, पहिल्यांदा गार लोखंड तापायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्यात दोन-तीन अंशांचा फरक. बाईंना इथल्या फॅरेनहाइट मापात अडुसष्ट हवे होते, म्हणजे आपले वीस. आमचा काटा पन्नासच्या, म्हणजे आपल्या दहाच्या, आसपास घुटमळत होता, आणि बाहेर ऊन असेल तर त्यातलं किती हीटरचं आणि किती उन्हाचं, तेही कळत नव्हतं.

मग मी शोधायला लागलो. आधी थर्मोस्टॅटवर संशय. पेटी उघडून त्याची टोकं घासली, परत बसवली. तसंच. मग म्हटलं हीटरच खराब. इथं एक बरं आहे, वस्तू परत घेतात, काही विचारत नाहीत. दुकानात काउंटरवर मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, नो हीट. त्या पोरानं नवा खोका पुढं ढकलला. दुसरा टांगला. दुसराही तसाच. दोन हीटर एकाच तऱ्हेनं खराब निघणार नाहीत हे मला कळत होतं. म्हणजे हीटर बरोबर आहे. आणि माझं कनेक्शन तर बरोबर आहेच. मग राहिलं गॅरेज.

मी गॅरेजच्या मागं लागलो. मोठ्या दाराला आतून थर्माकोलचे पत्रे चिकटवले. फटींना फोम, त्यावर टेप. दाराखाली जुनी गोधडी गुंडाळून ठेवली. दुकानातलं काम संपवून यायचो आणि जेवायच्या आत शिडीवर. भाची खाली उभी राहून टेप फाडून द्यायची.

"मामा, धिस इज लाइक रॅपिंग अ जायंट गिफ्ट."

"हो. तुझ्या बाबांसाठी."

तिनं पुढची पट्टी फाडून वर दिली.

रोज संध्याकाळी आम्ही रिहॅबला जायचो. ताई दाजींना गॅरेजचे फोटो दाखवायची. निळी चादर, छतावरून सरळ गेलेली केबल, थर्माकोल. दाजी डाव्या हातानं फोन धरून एकेक फोटो फार वेळ बघायचे. ताई विचारायची, "आवडलं?" ते माझ्याकडं बघायचे आणि डावी भुवई वर करायचे. त्यात गंमत होती की शंका होती, मला कळायचं नाही. मी म्हणायचो, "दाजी, एकदम गरम करतो. तुम्ही लुंगीवर बसाल." त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसायची.

त्या आठवड्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी गॅरेजातच होतो. तिला खोली दाखवली. पलंग वर-खाली करून दाखवला. ती म्हणाली, "आवाज कसला येतोय?"

"हीटरचा पंखा."

"असा का कण्हतोय? आपल्याकडं डिम लाइट असली की मिक्सर असाच वाजतो की."

मी हसलो. "अगं बाई, ही अमेरिका आहे. इथं लाइट डिम होत नसते."

"मग ऐकू काय येतंय मला?"

"तुला दहा हजार मैलांवरनं व्होल्टेज ऐकू येतंय होय? ये इकडं, दुकान टाकू आपण."

ती पण हसली. "तुमचं तुम्ही बघा. वन्संना सांगा, मी रोज देवाला हात जोडते म्हणावं."

मी फोन ठेवला आणि परत शिडीवर चढलो. आज मला स्वतःचं नवल वाटतं. मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगायचं माझं काम होतं. वाइंडिंगच्या दुकानात मालक डोळे मिटून बसायचे आणि विचारायचे, सांग काय झालंय, आणि मी सांगायचो. पंखा असा ओढत, कुंथत फिरायला लागला तर गावाकडं मी दारातूनच म्हटलं असतं, व्होल्टेज अर्धं आहे. इथं तो आवाज मी रोज ऐकत होतो. पण या देशाच्या लाइटीवर संशय घ्यायचा ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरतच नव्हती. तीन वर्षं मी घरी फोनवर हेच तर सांगत आलो होतो, की इथं लाइट जात नाही, नळाला पाणी असतं, कुणी ओरडत नाही. मी या देशाचा इतका मिंधा झालो होतो की त्याच्या भिंतीतून येणारी वीज मोजून बघावी हे मला उर्मटपणाचं वाटलं असतं. टेस्टर पेटत होता. टेस्टर लाइट आहे एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. हे मी स्वतः पोरांना शिकवलेलं आहे.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. ताईनं सुट्टी घेतली होती. मी पहाटेपासून हीटर चालू ठेवला होता, शिवाय जिन्याचं दार उघडं ठेवून वरच्या घराची ऊब खाली सोडली होती. बाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, "हे दार बंद करू या का? रात्री बंदच असेल ना?" दार बंद केलं. त्यांनी टेपनं पलंग आणि भिंत यांतलं अंतर मोजलं, व्हीलचेअर फिरवून बघितली, उंबऱ्यावरचा लाकडी उतार पायानं दाबून बघितला. तो भाचीनं केला होता. "फार छान केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग पिशवीतून तापमान मोजायचं एक छोटं यंत्र काढून पलंगावर ठेवलं आणि आमच्याशी बोलत उभ्या राहिल्या. त्यांनी अंगातला कोट काढला नव्हता.

यंत्रात बघून त्यांनी ते परत पिशवीत टाकलं. मग ताईला म्हणाल्या, "त्यांना त्या बाजूला गारठा जाणवणार नाही. पाय बर्फासारखा झाला तरी ते सांगू शकणार नाहीत. मी यावर सही करू शकत नाही."

ताई म्हणाली, "अजून दोन दिवस द्या. माझा भाऊ करतोय. तो इलेक्ट्रिशियन आहे."

बाई माझ्याकडं वळून हसल्या, धीर द्यावा तशा. म्हणाल्या, विम्याचा शेवटचा दिवस उद्या आहे, तो माझ्या हातात नाही. जागा गरम झाली की फोन करा, मी पुन्हा येईन, शब्द देते. त्या गेल्या. ताई पलंगाच्या कडेवर बसली. वर पंखा तसाच कण्हत होता, आणि आता त्याच्याशिवाय दुसरा कुठलाच आवाज नसल्यानं मला तो ऐकावा लागला.

मी गाडी काढून हार्डवेअरच्या दुकानात गेलो, व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आलो. हीटरची झाकणपट्टी काढून दोन टोकांना लावला. एकशेवीस.

तरीही मला पटकन कळलं नाही. मी पुन्हा लावला. मग डब्यापाशी येऊन शेजारशेजारच्या दोन ब्रेकरच्या मधे लावला, उगाच, दुसरं काय करावं सुचेना म्हणून. दोनशे चाळीस. तेव्हा मात्र कळलं. इथं दोनशे चाळीस म्हणजे फेज आणि न्यूट्रल नव्हेच. इथं ते दोन जिवंत तारांच्या मधे असतं. दोन्ही तारा ब्रेकरला जायला हव्या होत्या, न्यूट्रलला एकही नाही. मी हीटरला अर्धं व्होल्टेज दिलं होतं, आणि अर्ध्या व्होल्टेजवर उष्णता अर्धीही होत नाही, पाव होते. आठवडाभर पाव हीटर चालू होता आणि मी दाराला थर्माकोल लावत बसलो होतो. पहिला हीटर चांगला होता. दुसराही चांगला होता. गॅरेज चांगलं होतं.

लगेच बदलावं म्हटलं तर डब्यात जागा नव्हती. दोन जिवंत तारांना जोडब्रेकर लागतो, त्याला शेजारशेजारची दोन घरं लागतात. रिकामं एकच. बाकीचे हलवून जागा करणं म्हणजे घराच्या सगळ्या लाइनींत हात घालणं, आणि त्या क्षणी माझ्याकडून झाकणाचा स्क्रूसुद्धा परत बसेना. भाचीनं तो माझ्या हातातून घेतला आणि बसवला.

"मामा, इट्स ओके."

"ओके नाही गं."

"आय नो," ती म्हणाली. "पण काय म्हणू मी?"

ताईला सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती. डिशवॉशर आता तीच लावायची. मी व्होल्टेजचं सगळं सांगत होतो, फेज, न्यूट्रल, इचलकरंजी. ती एक ताट हातात घेऊन थांबली. "म्हणजे तू नीट लावलं असतंस तर आज त्यांनी सही केली असती?"

मी म्हटलं, "हो."

तिनं ताट खाचेत उभं केलं. "मीच तुला एकट्याला सोडलं," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं, तुला इथलं कसं ठाऊक असणार. जेवून घे." ती मला एक शब्द वाईट बोलली असती तर मी उभा राहू शकलो असतो.

शुक्रवारी दाजींना नर्सिंग होममध्ये हलवलं. गाडीत बसवताना त्यांना वाटलं, घरी. आमच्या रस्त्याचं वळण गेलं तशी त्यांनी मान वळवली आणि ताईकडं बघत राहिले. ताई त्यांच्या हातावर थोपटत होती आणि बाहेर बघत होती.

इलेक्ट्रिशियन त्याच्या तारखेला आला. ब्रेकर वर-खाली करून जागा केली, जोडब्रेकर बसवला, पांढऱ्या तारेला, आता तीही जिवंत म्हणून, काळी टेप गुंडाळली. माझी केबल बघून म्हणाला, क्लिपा छान मारल्यात. जेवणाची वेळ होईपर्यंत गॅरेज इतकं तापलं की आम्हाला स्वेटर काढावे लागले. पंखा सुसाट फिरत होता, त्याचा आवाज आता कुणाला सांगायचं काही कारण नव्हतं. ताईनं त्याच दिवशी बाईंना फोन केला.

बाईंनी शब्द पाळला. त्या आल्या, यंत्र ठेवलं, हसल्या, कोट काढून हातावर घेतला. म्हणाल्या, खोलीत काही कमी नाही. पण त्या आधी दाजींना बघून आल्या होत्या. नर्सिंग होममध्ये रिहॅबसारखं दिवसातून दोनदा कुणी उभं करत नाही. त्यात मधेच त्यांना छातीत कफ झाला, बरेच दिवस पडूनच होते. आता त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागतात, रात्रीही, आणि शिकलेली. घरी कोण आहे?

"मी आहे," मी म्हटलं. "मी काम सोडतो."

"आणि दुसरं?"

ताईची नोकरी सुटली तर विमा सुटतो. भाची कॉलेजला परत गेली होती. माझी बायको इचलकरंजीत. बाईंनी हातावरचा कोट परत अंगात घातला. मग म्हणाल्या, "त्यांच्यात सुधारणा झाली तर पुन्हा बघू."

पलंग भाड्याचा होता, तो न्यायला माणसं आली. त्यांच्यासाठी मोठं दार उघडावं लागलं, म्हणून मी आदल्या दिवशी टेप आणि थर्माकोल सोलून काढलं. रंगाचे पापुद्रे निघाले. पलंग गेल्यावर ताईनं बाहेरची गाडी आत आणून लावली. म्हणाली, "सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो रे, ऑफिसला उशीर होतो." मी हीटरचं बटण शून्यावर आणलं.

नर्सिंग होममध्ये मात्र ऊब भरपूर असते. खोल्या इतक्या तापवतात की दाजींना अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. मी दुकानातून सुटल्यावर तिथं जातो. ताईनं दिलेला मऊ भात भरवतो, त्यांच्या डाव्या हाताची बोटं मोडून देतो, घरचं-दारचं बोलतो. अलीकडं त्यांना एक शब्द यायला लागला आहे. तिथल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंना वाटलं इंग्रजी काहीतरी म्हणतात, त्यांनी मला अर्थ विचारला. ते "चला" म्हणतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंद झाला, ताईला फोनवर ऐकवलं. मग लक्षात आलं, मी निघायला कोट घातला की ते म्हणतात. "चला," आणि चादर डाव्या हातानं बाजूला करायला लागतात, पलंगाखाली बुटांकडं बघतात. मी म्हणतो, "आज नको दाजी, उद्या." ते पुन्हा म्हणतात, थोडं मोठ्यानं, मला ऐकू आलं नसेल असं समजून.

आता मी कोट गाडीतच ठेवतो. पार्किंगमधून तसाच कुडकुडत आत जातो, आणि त्यांचा डोळा लागेपर्यंत बसतो.